कार्ड आहे हो, पण यादीत नाव आहे का?

लोकसभेच्या मतदानाचा दिवस, सकाळचे सव्वासात, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या केंद्रावर अजून चहा पण आला नव्हता, आणि एक गृहस्थ तरातरा आत आले न टेबलावर मतदान कार्ड आपटलं. रात्रीच्या एसटीनं नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याहून आलेले, डोळे लाल, पिशवी अजून खांद्यालाच. मी यादी बघितली, परत बघितली, पुरवणी यादी बघितली, नाव नाही. ते म्हणाले, "सर, हा फोटो माझाच आहे ना? सरकारनंच दिलंय ना कार्ड? मग?" माझ्याकडं त्याला एकच उत्तर होतं, आता ते पाठ झालंय: काका, मत कार्डावर देता येत नाही, यादीवर देता येतं.

नंतर बोलता बोलता कळलं की दोन-तीन वर्षांपूर्वी तिकडं बिल्डिंगखाली कुणीतरी टेबल टाकून फॉर्म भरून घेत होतं, यांनी पण भरला, तिकडं नाव लागलं आणि इकडचं कमी झालं. म्हणजे माणसाला मत होतं, फक्त ते दीडशे-दोनशे किलोमीटरवर होतं आणि तेरा दिवसांनी होतं, कारण २०२४ ला साताऱ्यात मतदान ७ मे ला आणि नवी मुंबई ज्यात येते त्या ठाणे मतदारसंघात २० मे ला. त्यांनी हिशोब करून एक सुस्कारा टाकला आणि म्हणाले, चला, आलोच आहे तर देवदर्शन करून जातो.

मी झेडपीचा मास्तर. इलेक्शन ड्युटी आमच्या नशिबाला बांधलेली, आणि त्यामुळं निवडणूक जवळ आली की पाहुणे, शेजारी, जुने विद्यार्थी सगळ्यांचे फोन सुरू होतात, माझं नाव कुठं आहे बघा, मुलगा पुण्यात आहे त्यानं तिथंच मत दिलं तर चालेल का, आईला जिना उतरता येत नाही काय करू, भाऊ दुबईत आहे ऑनलाइन देता येतं का. दरवेळी तेच तेच सांगून दमलो म्हणून एकदाच बसून लिहितोय.

आधी यादीचं बघू, कारण निम्म्याहून जास्त भानगडी तिथंच असतात. लोकसभेच्या जागा ५४३, त्यातल्या महाराष्ट्रात ४८, गोव्यात २. आपल्याकडं विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत, म्हणजे सहा विधानसभा मिळून एक लोकसभा, गोव्यात ४० विधानसभा म्हणजे वीस मिळून एक. पण यादी लोकसभेची अशी वेगळी नसतेच, ती विधानसभा मतदारसंघाची असते, तिचे भाग पाडलेले असतात, एकेका भागाला एकेक केंद्र, आणि भागात तुमचा अनुक्रमांक. तुमचा मतदार म्हणून खरा पत्ता हा असतो: कुठली विधानसभा, कितवा भाग, कितवा नंबर. हे तीन आकडे माहीत असले की केंद्रावर तुमचं काम दोन मिनिटांत होतं, नसले की आम्ही पानं उलटत बसतो आणि मागची लाइन आम्हाला शिव्या घालते.

यात आमच्याकडं एक गंमत आहे. फलटण आणि माण हे तालुके सातारा जिल्ह्यातले, पण लोकसभेला माढा मतदारसंघात जातात, जो बराचसा सोलापूर जिल्ह्यात आहे. तिकडं पनवेल, कर्जत, उरण रायगड जिल्ह्यातले आणि लोकसभा मावळ. त्यामुळं "मी सातारा जिल्ह्याचा म्हणजे सातारा लोकसभेचा" असं धरून चालू नका. आणि झेडपी, नगरपालिका, महापालिकेच्या निवडणुका तर वेगळाच आयोग घेतो, राज्य निवडणूक आयोग, तो हीच विधानसभेची यादी घेऊन वॉर्डाप्रमाणं फोडतो, त्यामुळं नगरपालिकेला ज्या शाळेत मत दिलं तीच शाळा लोकसभेला असेल याची काही गॅरंटी नाही. मागच्या वेळच्या सवयीनं जाणारे लोक दरवेळी शंभर टक्के चुकीच्या खोलीत उभे असतात, हा माझा अनुभव.

आता मूळ प्रश्न, तुमचं नाव नेमकं कुठं असायला पाहिजे. कायद्यात शब्द आहे सर्वसाधारण रहिवासी, साध्या भाषेत तुम्ही नेहमी जिथं राहता-झोपता तिथं. घर कुठं मालकीचं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हे सरळ लिहिलंय की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी धरायचा नाही. म्हणजे गावाकडं बापजाद्यांचा वाडा आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, पण तुम्ही वीस वर्षं पिंपरीत भाड्यानं राहताय, तर तुमचं मत पिंपरीत. हे ऐकलं की लोकांना राग येतो, मला माहितीये, मला पण आला होता. गावचं मत म्हणजे नुसतं मत नसतं, त्यात भावकी असते, यात्रेसारखं जाणं असतं, सरपंचानं गाडी पाठवलेली असते. पण नियम नियम आहे.

उलट बाजू पण कायद्यातच आहे, थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलात म्हणून नाव कटत नाही. याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण ऊसतोड कामगार. बीड आणि आजूबाजूच्या भागातली लाखो माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात न कर्नाटकात जातात, पाच-सहा महिने फडावर पाचटाच्या कोपीत काढतात, पण ते तिथले रहिवासी होत नाहीत, नाव गावातच राहतं. कागदावर हे अगदी बरोबर आहे, पण २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, बरोबर गळीत हंगामाच्या तोंडावर, आणि फडावरच्या माणसानं मत कुठं द्यायचं तर गावातच जाऊन द्यायचं, जायचं-यायचं भाडं न बुडालेली मजुरी स्वतःची. नाव कटत नाही पण मत पण पडत नाही असा तो प्रकार.

यावर निवडणूक आयोगानं एक उपाय काढून बघितला होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी रिमोट मतदान यंत्राचं मॉडेल जाहीर केलं, एका मशीनवर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं, म्हणजे पुण्यात बसून बीडचं मत देता येईल. जानेवारी २०२३ ला पक्षांना दाखवायला बोलावलं, तिथं बहुतेक विरोधी पक्षांनी शंका काढल्या, स्थलांतरित म्हणजे नेमकं कोण हे कोण ठरवणार, तिथं पोलिंग एजंट कुठल्या पक्षाचे बसणार, आचारसंहिता तिकडच्या राज्यात कशी लावणार, आणि ते तिथंच थांबलं. शंका चुकीच्या होत्या असं मी म्हणणार नाही, पण फडावरच्या माणसाचा प्रश्न होता तिथंच राहिला.

विद्यार्थ्यांना मात्र चॉइस आहे. होस्टेलवर राहणारी पोरं घरच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतात किंवा होस्टेलच्या पत्त्यावर लावू शकतात, कॉलेजचं बोनाफाइड लागतं, फक्त दोन्हीकडं नाही. आणि ज्यांना घरच नाही, पुलाखाली राहतात, त्यांना पण मत आहे बरं का. पत्त्याचा पुरावा नसला तर बीएलओ, म्हणजे त्या भागाची यादी सांभाळणारा कर्मचारी, रात्री जाऊन बघतो की हा माणूस खरंच इथं झोपतो का, आणि तसा रिपोर्ट देतो. मला हा नियम फार आवडतो.

दोन ठिकाणी नाव ठेवणं हा गुन्हा आहे, खोटी माहिती देऊन नाव लावलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि दोन मतदारसंघांत मत दिलंत तर दोन्ही मतं बाद. तरी लोक ठेवतात, त्यात काहीजण मुद्दाम आणि बहुतेकजण आळसानं. २०१४ ला आमच्या साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला होतं आणि मुंबई-ठाण्याचं २४ ला, तेव्हा नवी मुंबईत माथाडी कामगारांच्या मेळाव्यात एक मोठे नेते म्हणाले होते की गावाला जाऊन मत द्या आणि परत येऊन इथं पण द्या, फक्त शाई पुसून या. मग गदारोळ झाला, आयोगाची नोटीस आली, ते म्हणाले गंमत केली होती. पण टाळ्या पडल्या होत्या, कारण समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं की विषय नेमका काय आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यात तर १४ गावं अशी आहेत की ती महाराष्ट्रात का तेलंगणात हाच वाद आहे, तिथल्या लोकांकडं दोन्ही राज्यांची रेशनकार्डं, दोन्हीकडं यादीत नावं, चंद्रपूरच्या खासदारासाठी पण मत न आदिलाबादच्या खासदारासाठी पण. त्यांचा दोष तरी काय म्हणायचा.

बायकांच्या नावांबद्दल वेगळं लिहावं लागेल कारण यादीतला सगळ्यात जास्त घोळ तिथंच. लग्न झालं, सासरी आली, आधार बदललं, बँक बदलली, गॅसचं बुक बदललं, आणि मतदार यादीत ती अजून माहेरीच, माहेरच्या आडनावानं. पुढं बीएलओ माहेरी चौकशीला जातो, वडील सांगतात ती दिलीय लग्न करून, तो स्थलांतरित लिहून घेतो, रीतसर नोटीस न चौकशी होऊन तिथलं नाव कमी होतं, आणि सासरी लावायचं कुणाच्या डोक्यातच नसतं. अशी माझ्या बघण्यात कितीतरी नावं दोन्हीकडून गेली. पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ ला, याहून भारी झालं होतं, बऱ्याच बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच, तेव्हाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घ्यायला नकार दिला, आणि जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. आता नाव सांगायला कुणी लाजत नाही, पण फॉर्म मात्र भरत नाही.

तर फॉर्म. नवीन मतदाराला फॉर्म ६. पत्ता बदलला, नावात चूक आहे, फोटो भलत्याचाच आहे, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद करायचीय, या सगळ्याला फॉर्म ८. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की परत ६ भरायला लागायचा, अजून पुष्कळ लोक तेच करतात आणि मग दोन ठिकाणी नाव होऊन बसतं, तसं करू नका, घर बदललं की ८ च. घरातलं कुणी वारलं असेल तर नाव कमी करायला फॉर्म ७. हे शेवटचं कुणी करत नाही, आणि मग केंद्रावर आमच्याकडं एएसडी नावाची एक वेगळी यादी येते, गैरहजर, स्थलांतरित न मयत लोकांची, त्यातला माणूस मत द्यायला आला तर ओळख जास्त कडक तपासायची, अंगठा घ्यायचा. एकदा त्या यादीत मयत म्हणून लिहिलेले आजोबा स्वतः काठी टेकत आले होते. म्हणाले, बघा नीट, श्वास चालू आहे.

फॉर्म ऑनलाइन भरता येतात, आयोगाचं वोटर्स पोर्टल आहे, अ‍ॅप आहे (पूर्वी व्होटर हेल्पलाइन, आता ईसीआयनेट), नाहीतर १९५० ला फोन करा, नाहीतर सरळ आपल्या भागाच्या बीएलओला गाठा, ती बऱ्याचदा अंगणवाडीची ताई असते नाहीतर आमच्यासारखा मास्तर. पत्त्यासाठी आधार, पासबुक, पासपोर्ट, वर्षभरापूर्वीपासूनचं लाइट-पाणी-गॅसचं बिल, रजिस्टर भाडेकरार यातलं एक काहीतरी. भाडेकरू आहे म्हणून नाव लागणार नाही असं घरमालक सांगतात ते साफ खोटं आहे.

वयाचं असं की १८ पूर्ण पाहिजे, पूर्वी २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीनं १९८९ पासून १८ झालं. पण १८ कधी पूर्ण हे मोजायची तारीख आधी वर्षाला एकच होती, १ जानेवारी, त्यामुळं २ जानेवारीला जन्मलेलं पोरगं अख्खं वर्ष बसून राहायचं. आता २०२२ पासून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आणि १७ पूर्ण झालं की अर्ज आधीच देऊन ठेवता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कधीपर्यंत. आचारसंहिता लागली की सगळं बंद असा समज आहे, तसं नाही, उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत नाव घेता येतं, पण अर्ज आला की सात दिवस हरकतींसाठी ठेवावा लागतो म्हणून त्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी तुमचा अर्ज पोचायला पाहिजे. त्यानंतर कलेक्टरसाहेब स्वतः आले तरी नाव घालू शकत नाहीत. लोक मात्र मतदानाच्या आदल्या रात्री साडेनऊला मला फोन करतात.

आणि हो, कार्ड आहे, गेल्या वेळी मत दिलंय, म्हणजे नाव असणारच असं धरू नका, यादी दरवर्षी बदलते. गोव्यात तर नोव्हेंबर २०२५ पासून विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं, म्हणजे घरोघरी गणना फॉर्म देऊन यादी नव्यानं तपासणं. निवडणूक नसताना वर्षातून एकदा नाव बघायचं, दोन मिनिटं लागतात.

इथं व्हॉट्सअ‍ॅपवाल्या एका फॉरवर्डबद्दल लिहितो कारण दरवेळी त्याच्यावरून केंद्रावर भांडण होतं. त्यात लिहिलेलं असतं की यादीत नाव नसलं तर आधार दाखवा आणि कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा, तुमचं मत कुणी आधीच दिलं असेल तर टेंडर व्होट मागा, आणि १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट झाले तर फेरमतदान होतं. यातलं मधलं वाक्य खरं, आधीचं न नंतरचं खोटं. चॅलेंज म्हणजे उलटं असतं, पोलिंग एजंटला वाटलं की हा माणूस तो नाहीच, तर तो दोन रुपये भरून आक्षेप घेतो आणि केंद्राध्यक्ष चौकशी करतात. यादीत नाव नाही म्हणजे मत नाही, त्याला कुठलंच कलम नाही. १४ टक्क्यांचा नियम तर अस्तित्वातच नाही.

टेंडर व्होट मात्र खरंच आहे, मराठीत प्रदत्त मत म्हणतात. तुम्ही गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलाय, तर गप परत येऊ नका. ओळख पटवून द्या, तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, तिच्यावर शिक्का मारायचा, ती वेगळ्या पाकिटात सीलबंद जाते. मशीनवर मत देता येत नाही, आणि ही पाकिटं मोजणीला सहसा उघडतच नाहीत, निकालावर कोर्टात केस झाली आणि कोर्टानं मागितली तरच. मग उपयोग काय असं एक बाई मला विचारत होत्या. म्हटलं, तुमच्या नावावर चोरी झाली याची सरकारी कागदावर नोंद राहते, ती थोडी गोष्ट नाही.

आता कोण केंद्रावर न येता मत देऊ शकतं. पहिलं, ८५ वर्षांच्या वरचे आणि ४० टक्क्यांपेक्षा कमी नाही एवढं अपंगत्व असलेले, यांना घरी बसून. लोकसभेला देशभर ही सोय पहिल्यांदा २०२४ ला मिळाली, आधी काही विधानसभांना वय ८० धरलं होतं, नंतर ८५ केलं. बीएलओ फॉर्म १२ डी घरी आणून देतो, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो परत द्यायचा, मग ठरलेल्या दिवशी टीम घरी येते, मतपत्रिका देते, आडोसा करते, व्हिडिओ शूटिंग होतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा: एक म्हणजे हे आपोआप होत नाही, फॉर्म भरला तरच, आणि दुसरं, एकदा फॉर्म मंजूर झाला की यादीत तुमच्यापुढं पीबी, म्हणजे पोस्टल बॅलट, असा शिक्का पडतो, मग नंतर हौस आली म्हणून केंद्रावर गेलात तर मत देता येत नाही. आमच्या शेजारच्या आजी नेमक्या अशाच हटून बसल्या होत्या, मला शाळेतच जायचंय, सगळ्या बायका भेटतात. मग त्यांनी फॉर्मच भरला नाही, नातवानं गाडीवर बसवून नेलं. ते पण बरोबरच.

दुसरे फौजी. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, घरटी सैनिक, त्यामुळं हा विषय घरचा. सैनिक सेवा मतदार म्हणून मूळ गावच्या यादीत असतो, त्याला मतपत्रिका ऑनलाइन जाते, तो प्रिंट काढून मत नोंदवून पोस्टानं परत पाठवतो, मोजणी सुरू व्हायच्या आत पोचली पाहिजे.

तिसरे आम्ही, ड्युटीवाले. इथं एक बारकावा आहे. ड्युटी तुमच्याच लोकसभा मतदारसंघात लागली असेल तर ईडीसी म्हणजे इलेक्शन ड्युटी सर्टिफिकेट मिळतं आणि जिथं ड्युटी तिथंच मशीनवर मत देता येतं, नाव त्या केंद्राच्या यादीत नसताना. असं दुसऱ्याच्या केंद्रावर मत देणारे फार थोडे. पण मतदारसंघ वेगळा असला तर टपाली मत, ट्रेनिंगच्या ठिकाणी सुविधा केंद्र असतं तिथं. आता वरचं फलटणचं आठवा, घर फलटणला न ड्युटी कोरेगावला, जिल्हा एकच पण लोकसभा दोन, त्यामुळं तिकडच्या किती मास्तर लोकांचा हा फॉर्म भरायचा राहतो हे विचारू नका. रेल्वे, वीज, दवाखाना अशा अत्यावश्यक सेवेतल्या ज्यांना आयोगानं यादीत घेतलंय त्यांना पण आधी अर्ज करून टपाली मत देता येतं.

परदेशात असणाऱ्यांना ऑनलाइन मत नाही. फॉर्म ६ ए भरून पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर नाव लावता येतं, पण मत द्यायला विमानानं यायचं, आणि इथं ओळख म्हणून फक्त मूळ पासपोर्ट चालतो. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर विषय संपला, ओसीआय कार्डवर मत नाही. दुसऱ्याला आपल्या वतीनं मत द्यायला पाठवायची सोय करणारं विधेयक २०१८ ला लोकसभेत पास झालं होतं, राज्यसभेत गेलंच नाही, लोकसभा बरखास्त झाली न ते पण गेलं. तुरुंगातल्या कैद्याला मत नाही, अगदी शिक्षा झालेली नसली, केस चालू असली तरी नाही, फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असेल तर टपालानं. गंमत म्हणजे तोच कच्चा कैदी निवडणूक लढवू शकतो.

मतदानाच्या दिवशी कार्ड नसलं तर घाबरू नका, नाव यादीत असलं की आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोचं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेला पेन्शनचा कागद, दिव्यांगांचं यूडीआयडी, यातलं काहीही चालतं. घरी येणारी व्होटर स्लिप ही ओळख नाही, २०१९ पासून चालत नाही, तिचा उपयोग भाग न नंबर कळायला. नावात काना-मात्रेची चूक असली तर आम्ही अडवत नाही, तेवढी माणुसकी नियमातच आहे. फोन मात्र आत नाही, आयोगानं २०२५ ला बाहेर जमा करायची सोय ठरवलीय, तरी घरीच ठेवलेला बरा.

आत पहिल्या टेबलाला नाव न ओळख, दुसऱ्याला सही किंवा अंगठा आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाई. ही शाई मैसूरची कंपनी १९६२ च्या निवडणुकीपासून बनवतेय, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, कातडीला लागलं की काळं पडतं, नख वाढून जाईपर्यंत राहतं. तिथं मिळालेली चिठ्ठी तिसऱ्या टेबलाला देता, तो बटण दाबून मशीन सोडतो, मग तुम्ही आडोशामागं. बटण दाबलं की लाल दिवा लागतो, शेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, कुणाला मत गेलं ते वाचा, मग ती आतच पडते. ती पावती म्हणून मागू नका, लोक खरंच मागतात. लांब बीप वाजेपर्यंत हलू नका. नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही'चं, बटण सगळ्यात खाली असतं, सुप्रीम कोर्टाच्या निकालानं २०१३ पासून. ज्याला दिसत नाही किंवा हात चालत नाही तो अठरा वर्षांवरचा एक सोबती आत नेऊ शकतो, पण एक सोबती दिवसभरात एकाच माणसाचा, गावातला उत्साही कार्यकर्ता दहा म्हाताऱ्यांचा नातू होऊ शकत नाही.

मालक सुट्टी देत नाही म्हणणाऱ्यांसाठी: १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५ ब आहे, मतदानादिवशी पगारी सुट्टी, रोजंदारीवाल्याला पण. मालकाला दंड फक्त पाचशेपर्यंत, त्यामुळं तो किती घाबरतो ते तुम्हीच बघा.

आणि वेळ. आपल्याकडं साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ६, गडचिरोलीच्या काही भागात सुरक्षेमुळं ३ लाच बंद. पण सहाच्या ठोक्याला जो लाइनीत उभा आहे त्याला मत मिळतंच, मग रात्रीचे नऊ वाजले तरी. सहाला आम्ही चिठ्ठ्या घेऊन बाहेर जातो आणि नंबर वाटायला शेपटापासून सुरुवात करतो, सगळ्यात शेवटच्या माणसाला १ नंबर, म्हणजे त्याच्यामागं नवीन कुणी घुसत नाही. मागच्या वेळी लाइनीत पहिला असलेल्या पोराच्या हातात ६४ नंबर पडला, त्यानं सगळी शाळा डोक्यावर घेतली, मी पाचपासून उभा आहे न माझा नंबर शेवटचा कसा. त्याला समजावेपर्यंत त्याचीच पाळी आली होती.